सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग मॅनेजर पदाच्या मुलाखतीची तयारी कशी करावी?

डेव्हलपर म्हणून काम करून या पदाकडे वळणाऱ्याने सर्वाधिक वेळ माणसांविषयीच्या प्रश्नांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोडिंगची फेरी अनेक ठिकाणी हलकी असते किंवा नसतेच. सिस्टिम डिझाइनची, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरची रचना आखून दाखवण्याची, फेरी मात्र बहुधा असते. कामगिरी खालावलेल्या सहकाऱ्याशी आपण काय बोललो, दोन ज्येष्ठ अभियंत्यांमधील वाद कसा मिटवला, प्रॉडक्ट मॅनेजरने मागितलेली तारीख कोणत्या आधारावर नाकारली, अशा प्रसंगांची टिपणे आधीच काढून प्रत्येकात परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम हा क्रम ठेवावा. ॲमेझॉनमध्ये असे प्रश्न कंपनीच्या १६ नेतृत्व-तत्त्वांभोवती गुंफलेले असतात, त्यामुळे तेथे एकच प्रसंग पुन्हापुन्हा सांगून भागत नाही. ‘आम्ही केले’ एवढ्यावर थांबू नये, कारण मुलाखतकाराला तुमचा स्वतःचा निर्णय ऐकायचा असतो; मात्र टीमचे श्रेय टीमलाच द्यावे. परिणाम सांगताना डिप्लॉयमेंटची (नवा कोड प्रत्यक्ष वापरात आणण्याची) वारंवारता, बिघाड दुरुस्त होण्यास लागणारा वेळ अशी खरी मोजमापे द्यावीत. टीममध्ये किती जण आहेत, मॅनेजरने स्वतः कोड लिहिणे अपेक्षित आहे का आणि ही जागा का रिकामी झाली, हे तुम्हीही अवश्य विचारावे.