खाजनातल्या भाताला बाटली नको, पावसाचे पाणी द्या

प्रश्न : गोव्यात पेडणे तालुक्यात शापोरा नदीकाठी आमचे खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेले शेत) आहे. मेअखेरीस बांधाला खांड पडून खारे पाणी आत आले. बांध दुरुस्त करून सरदीला (पावसाळी हंगामाला) ज्योती जातीचे भात लावले, पण आठ दिवसांत पानांची टोके पांढरी पडून जळू लागली. दुकानदार पेशीतली 'क्षाररोधक प्रथिने वाढवणारा' फवारा, दुप्पट युरिया आणि जिप्सम घ्यायला सांगतो. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नका. तिन्ही नकोत.

प्रथिनांची गोष्ट खरी, बाटली खोटी. मुळांच्या पेशींभोवतीच्या पातळ पडद्यात काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी बसलेली असतात. एसओएस-१ नावाचे प्रथिन आत शिरलेले मिठातले सोडियम बाहेर ढकलते. एचकेटी गटातले एक प्रथिन पानांकडे निघालेल्या रसातून सोडियम काढून खालीच अडवते. नोना बोकरा या खाऱ्या जमिनीतल्या भातात त्याचे जनुक २००५ साली ओळखले गेले. पण ही प्रथिने रोप स्वतःच्या जनुकांवरून घडवते. पानावर मारलेले काहीही जाऊन त्या पडद्यात बसत नाही. ती ताकद बियाण्यात असते, आणि ज्योतीत ती कमी आहे.

शिवाय सोडियम बाहेर काढायला मुळांना ऊर्जा लागते, आणि तिच्यासाठी हवा. गेल्या सरदीला एका खाजनात रोप उपटून पाहिले : मुळे काळी, कुजक्या अंड्यासारखा वास. मालकाचे तीन फवारे मारून झालेले, आणि मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या-अडवायच्या दाराची) फळी कुजून दर भरतीला खारे पाणी आत! अशा गुदमरलेल्या मुळांकडून काय होणार?

जिप्सम चोपण जमिनीसाठी असते, जिचा सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो. आपली खाजने बहुतेक आम्लधर्मी. तिथे जिप्सम म्हणजे पैसे चिखलात. आणि युरिया दुप्पट? अजिबात नको. पाणी खारे असताना तर कोणतेच खत नको. रोप लुसलुशीत होते, करपा येतो, मग दुकानदार करप्याचे औषध विकतो.

आता करायचे ते एवढेच. मानशीचे दार आधी दुरुस्त करा. जोराचा पाऊस शेतात साठू द्या, ओहोटीला मानस उघडून पाणी सोडा, भरतीआधी बंद करा. असे दोन-तीनदा. भरतीत दार उघडे राहिले तर सगळे मुसळ केरात. पाण्याची क्षारता ३ डेसिसायमन प्रति मीटरखाली आली की नांग्या भरा (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा), त्यासाठी २५-३० दिवसांची रोपे घ्या, कोवळी नकोत. नत्र त्यानंतरच, शिफारशीइतकेच आणि हप्त्यांनी. फुलोऱ्यात पुन्हा खारे पाणी शिरू देऊ नका, तेव्हा भात रोपावस्थेइतकेच नाजूक असते.

पुढच्या सरदीला खाजनात ज्योती लावूच नका. कोरगुट हे खारे पाणी सोसणारे आपले जुने भात लावा, नाहीतर त्यातूनच निवडलेले गोवा धान १ किंवा २. माझे ऐकाल तर निदान खालच्या कुणग्यांत (शेताच्या तुकड्यांत) तरी. बियाण्याची चौकशी जुने गोवे इथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत करा. अनुदानासाठी कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात या. फवारा मारून झाला असेल तर रिकामी बाटलीही आणा, लेबल पाहायचे आहे.