प्रश्नचिन्हांनी भरलेला नकाशा

प्रश्न : मी फोंड्यातील एका शाळेत इतिहास शिकवते. चतुर्थीच्या सुट्टीत भाच्याने माझ्या संगणकावर ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ हा प्राचीन ग्रीसमध्ये घडणारा खेळ घालून दिला आणि तेव्हापासून रात्री तासभर मी तो खेळत असते. अथेन्सपर्यंत पोहोचले आहे. पण मुख्य कथेतील पुढची क्वेस्ट, म्हणजे मोहीम, माझ्या लेव्हलच्या तीन पायऱ्या वर आहे आणि शत्रूच्या दोन घावांत माझी नायिका कसांद्रा कोसळते. लेव्हल वाढवण्यासाठी नकाशावरील न पाहिलेल्या जागांची प्रश्नचिन्हे एकेक करून पुसत बसले, तर त्याचाच कंटाळा येतो. माझे काय चुकते आहे? शिवाय, जे पडद्यावर दिसते त्यातील किती खरे मानावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नकाशावरील प्रत्येक प्रश्नचिन्ह हे फेडायचे कर्ज आहे, असे समजून खेळू नका. सूचनाफलकावरील किरकोळ कामे तर खेळ पुन्हा पुन्हा नव्याने तयार करत राहतो, त्यामुळे ती कधीच संपत नाहीत. ज्या क्वेस्टमध्ये कोणीतरी समोर येऊन आपले गाऱ्हाणे सांगते आणि आपल्या उत्तराने पुढचे काही बदलते, अशाच क्वेस्ट घ्या. अथेन्समध्ये भेटणारा सॉक्रेटिस आणि अर्गोलिसमधील वैद्य हिप्पोक्रेटिस यांच्या कथा पूर्ण केल्यात, तर लेव्हल आपसूक वाढेल.

दोन घावांत कोसळण्याचे कारण मात्र केवळ लेव्हल नसावे. या खेळात शिकारी, योद्धा आणि मारेकरी असे कौशल्यांचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येक शस्त्र किंवा चिलखत त्यांपैकी एखाद्याला बळ देते. जे नवे मिळेल ते अंगावर चढवत गेल्यास बळ तिन्हीकडे विखुरते आणि कोणताच घाव नीट बसत नाही. एक मार्ग ठरवा. आधी खर्च केलेले कौशल्यगुण थोडे द्राख्मा, म्हणजे खेळातील नाणी, मोजून परत घेता येतात. योद्ध्याच्या मार्गातील ‘सेकंड विंड’ हे भर लढाईत जखमा भरून काढणारे कौशल्य मात्र मार्ग कोणताही असला तरी घ्यावेच. लोहाराकडे दर लेव्हलला सगळी सामग्री वाढवून घेऊ नये, कारण लाकूड, लोखंड आणि चामडे झपाट्याने संपते. नको असलेली शस्त्रे विकण्याऐवजी मोडली, तर त्यातील बरेच साहित्य पुन्हा हाती येते.

आपल्याला माझा खरा आग्रह आहे तो ‘एक्सप्लोरेशन मोड’ सुरू करण्याचा. सेटिंगमध्ये तो केव्हाही निवडता येतो. मग खेळ नेमके ठिकाण दाखवत नाही. अमुक प्रदेशाच्या दक्षिणेला, तमुक देवळाच्या जवळ, एवढेच सांगतो आणि इकारोस हा गरुड सोडून ती जागा आपणच हुडकायची असते. इतिहासाच्या शिक्षिकेला याहून जवळचा खेळ दुसरा नसेल, कारण भूगोल लक्षात ठेवल्याशिवाय येथे पाऊल पुढे पडत नाही.

आता खरे-खोटे. कथा सुरू होते ती इ.स.पू. ४३१ मध्ये, म्हणजे अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनीशियन युद्धाच्या पहिल्या वर्षी. अथेन्समधील पार्थेनॉन या देवळाचे काम त्याच्या आदल्याच वर्षी, ४३२ मध्ये, पुरे झाले होते; म्हणून खेळात ते कोरे करकरीत दिसते, हे योग्यच आहे. पुतळे रंगवलेले दाखवले आहेत, तेही बरोबर आहे. ग्रीक शिल्पे पांढरीफटक होती, हा समज शतकानुशतके रंग उडालेले दगड पाहून झालेला आहे. देवळांतील रंगीत मूर्ती पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तो सोडणे जड जाऊ नये. अंतरे मात्र फारच आखडलेली आहेत आणि अथेन्समध्ये कसांद्रा ज्या मोकळेपणाने वावरते, तेवढी मोकळीक तेथील नागरिक घराण्यांतील स्त्रियांना नव्हती. अथेन्सच्या नागरिकसभेत त्यांना मत नव्हते. अथेन्सचा नेता पेरिक्लीस इ.स.पू. ४२९ मध्ये शहरात पसरलेल्या साथीत दगावला. खेळाने त्याचा शेवट कथेच्या सोयीने निराळा रचला आहे, तो येथे फोडत नाही. साथीचा भाग खेळून झाला, की त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीस याने केलेले तिचे वर्णन अवश्य वाचा. त्याला स्वतःला तो आजार झाला होता आणि तो त्यातून वाचला होता. खेळातील धूर आणि प्रेतांचे ढीग त्यानंतर वेगळेच दिसू लागतात. मला तरी त्या ढिगांची गल्ली पुन्हा घाईने ओलांडता आली नाही.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला हा खेळ द्यावा का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : मूळ खेळ देऊ नये, युरोपात त्याला १८ वर्षांवरील वर्गात ठेवले आहे आणि त्यातील रक्तपात पाहता ते रास्त आहे. त्याऐवजी २०१९ मध्ये आलेली ‘डिस्कव्हरी टूर’ द्यावी. जग तेच, पण त्यात लढाई नाही. मार्गदर्शकासोबत फेऱ्या मारायच्या आणि शेवटी त्याच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. क्रीटमधील क्नोसॉसच्या राजवाड्याची फेरी त्याच्यासोबत बसून पाहावी आणि बैलाचे डोके असलेल्या मिनोटॉर या राक्षसाच्या चक्रव्यूहाची गोष्ट सांगावी. मग पाऊस ओसरला, की सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी कातळात कोरलेला वर्तुळाकार चक्रव्यूह त्याला नेऊन दाखवावा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, असे त्याला सांगू नये. पण त्या रेषांवरून बोट फिरवत तो आपणहून काय विचारतो, ते मन लावून ऐकावे.