वर्तमानपत्राचं पान: डीटीपीचा कोर्स की उपयोजित कला?

प्रश्न: माझी मुलगी बारावी वाणिज्य शाखेत आहे. वर्तमानपत्रांची पानं आणि मथळ्यांची अक्षरं यांचं तिला वेड आहे, कात्रणांनी वह्या भरल्या आहेत. गावात तीन महिन्यांचा डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याचा, कोर्स आहे. तो पुरेल, की उपयोजित कलेची (छपाई, जाहिरात अशा कामांसाठीच्या डिझाइनची) चार वर्षांची पदवी घ्यावी? छापील पेपर कमी होत असताना या कामाला भविष्य आहे का? – एक पालक, परभणी

उत्तर: नमस्कार. तीन महिन्यांत सॉफ्टवेअर हाताखालून जातं, आणि ते जायलाच हवं. पण तेवढ्यावर पान लावणाऱ्या ऑपरेटरच्या नोकरीची आशा धरू नका. बऱ्याच जिल्हा आवृत्त्यांमध्ये आता तयार टेम्प्लेटवर उपसंपादकच पान लावून सोडतो. देवनागरी मजकूर जाणतेपणाने हाताळणारी माणसं मात्र कमी आहेत. ते कसब वर्तमानपत्रात लागतं तसंच मोबाइलच्या पडद्यावर, पाठ्यपुस्तकात आणि पाकिटावरच्या मजकुरातही लागतं. म्हणून शक्य असेल तर पदवी घ्या.

हे कसब म्हणजे काय, ते एका कॉलममध्ये दिसतं. मोठ्या पानावर आठ कॉलम असतात, एकेकाची रुंदी चारेक सेंटीमीटर. अकरा पॉइंटात (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली’ हे दोन शब्द त्या ओळीत मावतात न मावतात. दुसरा शब्द खाली गेला की दोन्ही कडा जुळवण्यासाठी सॉफ्टवेअर शब्दांमध्ये भगदाडं पाडतं. ओळीत एकच शब्द उरला आणि अक्षरांतलं अंतर वाढवायची मुभा असली, तर शिरोरेषाच तुटते. मग घाईत मजकूर आडवा ८५ टक्क्यांवर दाबला जातो. त्यात उभ्या दांड्या बारीक होतात, आडव्या रेषा तेवढ्याच जाड राहतात आणि अक्षर चेपल्यासारखं दिसतं. ९७ टक्क्यांच्या खाली जाऊच नये. खरा उपाय म्हणजे बातमी दोन कॉलमांच्या रुंदीत एकसलग लावणं, नाहीतर उपसंपादकाला सांगून वाक्य बदलून घेणं. हे सांगण्याइतकी भाषा डिझायनरला यायलाच हवी. वाचणाऱ्या मुलीला इथे मोठा फायदा आहे.

ओळींमधल्या अंतराचंही तसंच. रोमन लिपीसाठी अक्षराच्या आकारावर वीस टक्के अंतर सर्रास चालतं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. एवढ्या अंतरात वरच्या ओळीतला ‘ट्रू’ खालच्या ‘र्कीं’वर आदळतो. फाँटनुसार फरक पडतो, पण अकरा पॉइंटला चौदा ते पंधरा पॉइंटांची ओळ धरून सुरुवात करावी.

इनडिझाइन या पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावली नाही तर वेलांट्या भलत्या जागी जातात आणि जोडाक्षरं सुटतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली आणि फाँटमध्ये सोय असली, तर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो, नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं येतात. 2022 च्या शासन निर्णयातही हीच मराठी रूपं आहेत. हे साधं काम आहे, पण किती पानांवर राहून जातं!

छपाईकडे दुर्लक्ष नको. वृत्तपत्राचा कागद पातळ आणि शोषणारा, त्यामुळे शाई पसरते. गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरं काढली की ‘ष’, ‘क्ष’ यांची पोटं भरून जातात. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, मजकूर फक्त काळ्या प्लेटवर हवा. चार रंग मिसळून केलेला काळा वापरला आणि प्लेट केसभर सरकली, की प्रत्येक अक्षराला रंगीत कड येते.

जुना मजकूर हा आणखी एक जिकिरीचा विषय. श्रीलिपी आणि तशाच इतर जुन्या फाँटांमधला साठा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आणताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्या’ बिघडतो, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं बदलतात. हे रूपांतर करून तपासून देणाऱ्याला काम मिळतं.

आता शिक्षण. मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था (आता अभिमत विद्यापीठाचा भाग), पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय आणि पणजीचं गोवा कला महाविद्यालय इथे चार वर्षांची पदवी आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी प्रवेशासाठी राज्याची कला सीईटी द्यावी लागते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे. ती बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते, वाणिज्यचा अडसर नाही. संगणकावर फाँट येण्याच्या काळात देवनागरीसाठी मोठं काम करणारे र. कृ. जोशी याच आयडीसीमध्ये शिकवत. तारखा आणि पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. दोन्ही परीक्षांमध्ये रेखाटन असतं, तेव्हा रोज तासभर पेन्सिल हातात हवी.

पैशाची अडचण असेल तर डीटीपी कोर्स आधी करा, छपाईखान्यात काम धरा आणि पदवीची प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षी द्या. मात्र यूसीड बारावीच्या वर्षी किंवा लगेच पुढच्या वर्षीच देता येते, हे ध्यानात ठेवा. आणि फी भरण्याआधी वर्गात विचारा, ‘युनिकोडमध्ये शिकवता का?’ फक्त जुन्या फाँटांचा कीबोर्ड शिकवत असतील तर दुसरा वर्ग बघा.

सुट्टीत तिला एक काम द्या. आजच्या पेपरचं एक आतलं पान निवडून प्रत्येक मथळ्याची उंची आणि बातमीची रुंदी पट्टीने मोजून कागदावर डमी, म्हणजे पानाचा आराखडा, काढायची. मग तेच पान स्क्रायबस या पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं. ते फुकट मिळतं. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फाँट घ्या, दोन्ही मोफत आहेत. पानाची प्रिंट मूळ आकारात काढून मूळ पानाशेजारी ठेवायची आणि जिथे आपलं वाचायला जड जातं तिथे लाल खूण करायची. अशी चार-पाच पानं खुणांसकट जपून ठेवा, मुलाखतीत दाखवायला तीच उपयोगी पडतील.