पीजी रेसिडेंट असताना खाजगी हॉस्पिटलात रात्रीची ड्युटी करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहिते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही खान्देशातल्याच एका मेडिकल कॉलेजात एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहात. एमबीबीएसचं कर्ज डोक्यावर आहे आणि बहिणीचं लग्न ठरतंय. शहरातल्या एका हॉस्पिटलचे सर आठवड्यातून दोन रात्री आरएमओ (हॉस्पिटलात हजर राहणारा ड्युटी डॉक्टर) म्हणून बोलावतात, पैसे रोख देतात आणि 'तुझं नाव कुठेच येणार नाही' म्हणतात. सीनियर जातात, तुम्हीही दोन रात्री जाऊन आलात. अमेरिकेत रेसिडेंटला हे उघडपणे करता येतं असं मित्राने सांगितलं, म्हणून आपल्याकडचा नियम विचारताय.

मी स्वतः फिजिशियन आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं आणि माझ्या मिस्टरांचं छोटं हॉस्पिटल आहे, म्हणजे रात्रीसाठी डॉक्टर शोधणाऱ्यांपैकी मीही एक आहे.

उत्तर: नाही, करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत पीजी विद्यार्थ्याने पूर्णवेळ निवासी डॉक्टर म्हणून काम करायचं असं लिहिलं आहे. त्याआधीच्या २००० च्या नियमावलीतही तेच होतं. प्रवेश घेताना ज्या गठ्ठ्यावर आपण सह्या करतो, त्या हमीपत्रांत बहुतेक ठिकाणी 'कोर्स चालू असताना खाजगी प्रॅक्टिस किंवा दुसरी नोकरी करणार नाही' हे कलम असतं. तुमच्या हमीपत्राची प्रत काढा आणि एकदा शांतपणे वाचा.

तुमची अडचण इंटर्नपेक्षा वेगळी आहे, ती आधी समजून घ्या, कारण कट्ट्यावर दोन्ही एकत्र बोललं जातं. इंटर्नकडे फक्त तात्पुरती नोंदणी असते. ती त्याच्या प्रशिक्षणाच्या ठिकाणी, देखरेखीखाली काम करण्यापुरतीच चालते. तो बाहेर रात्रपाळी करत असेल तर कायद्याने तो नोंदणी नसलेला माणूस ठरतो, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा २०१९ च्या कलम ३४ मध्ये त्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी झालेली आहे. तुम्ही पेशंट तपासणं बेकायदा नाही. तुम्ही मोडताय ती प्रशिक्षणाची अट, आणि तिचा हिशेब कॉलेज आणि विद्यापीठ करतं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, टर्म भरल्याचा दाखला विभागप्रमुख आणि डीन देतात. ती सही अडली तर सहा महिने जातात, आणि त्या सहा महिन्यांत रात्रपाळीत कमावलेल्यापेक्षा जास्त पैसे जातात.

तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिन्यांची जिल्हा निवासी पोस्टिंग असते. तेव्हा 'आता कॉलेजात नाही, मोकळे आहोत' असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या काळातही तुम्ही पूर्णवेळ रेसिडेंटच असता. आणि एमबीबीएसनंतर बाँडवर, म्हणजे सक्तीच्या शासकीय सेवेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात असलेल्यांना तर शासकीय सेवेचे वर्तणूक नियम लागतात. त्यांनी परवानगीशिवाय दुसरीकडे पगार घ्यायचाच नाही.

आता 'नाव येणार नाही' या वाक्याकडे येते. तुम्हाला ते दिलासा वाटतंय. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

आमच्याकडची एक रात्र सांगते, म्हणजे का ते कळेल. कापसाच्या फवारणीचे दिवस. रात्री अडीचला पिकअपमधून पंचविशीतला एक मुलगा येतो, शर्टाला कीटकनाशकाचा उग्र वास, तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. मी घरून पोचेपर्यंत वीस मिनिटं जातात. तेवढ्यात जो तिथे आहे त्याने सक्शन लावायचं, ऑक्सिजन लावायचा, शीर शोधायची, विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू करायचं. ०.६ मिलिग्रॅमची अँप्युल असते, पहिल्याच डोसला तीन ते पाच लागतात. मग पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी बघायची, बीपी घ्यायचं, छाती मोकळी नसेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. सिस्टर एकामागून एक अँप्युल फोडत असते आणि रिकाम्या काचा ट्रेमध्ये मोजून ठेवते, कारण कागदावर आकडा लिहायचा असतो. छाती मोकळी झाली की ड्रिप लावायची, आणि मग उलट्या बाजूची काळजी सुरू होते. मुलगा बडबडायला लागला, अंग तापलं, पोटातले आवाज थांबले, तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय. श्वास उथळ होतोय का, मान उचलता येते का, हे तर दोन-तीन दिवस बघत राहावं लागतं. ही सगळी मोजणी एका जागत्या डोक्याने करायची असते. आदल्या सकाळपासून वॉर्डात उभ्या असलेल्या माणसाचं दुप्पट कुठे चुकेल, हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

आणि तो पेशंट एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) असतो. पोलिसांना कळवायचं, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, कोणी आणलं, शुद्धीवर होता का, काय बोलला, खाली नाव, सही आणि नोंदणी क्रमांक. काही वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं ते सही करणाऱ्याच्या नावाने येतं. वकील पहिला प्रश्न विचारतो, त्या वेळी तुम्ही कुठे नोकरीला होता?

मग तुमचे सर म्हणतात तसं नाव येणार नाही, तर त्या कागदावर कोणाचं नाव असेल? दुसऱ्या कोणाचं तरी, जो त्या रात्री तिथे नव्हता. म्हणजे पेशंटला कोणी तपासलं हे त्याच्या घरच्यांना खोटं सांगितलं गेलं, पोलिसांना खोटं सांगितलं गेलं, आणि तुम्ही त्या खोटेपणात उभे आहात. उद्या तो मुलगा दगावला आणि हजेरीपटावर त्याच रात्री तुमची वॉर्डातही सही निघाली, तर कुठल्याही चौकशीत तुमच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ग्राहक आयोगात भरपाईचा दावा वेगळा, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणल्यापासून तो रस्ता खुला आहे. इंडेम्निटी पॉलिसी (डॉक्टरच्या चुकीच्या भरपाईचा विमा) काढली असली तरी जी नोकरी करायची तुम्हाला मुभाच नव्हती तिथल्या चुकीचे पैसे कंपनी सहजासहजी देणार नाही.

काही जण रोखीऐवजी बँकेतून पैसे मागतात, त्यात सुरक्षित वाटतं म्हणून. तिथे टीडीएस कापला की तुमच्या पॅनवर हॉस्पिटलचं नाव उमटतं. लपवून करायचं तर कागद खोटे, उघड करायचं तर अट मोडल्याचा पुरावा.

अमेरिकेबद्दल तुमचा मित्र अर्धं खरं सांगतोय. माझ्या नणंदेचा मुलगा ओहायोत मेडिसिनची रेसिडेन्सी करतो, त्याच्याकडून आणि त्यांच्या नियमांवरून मला जे माहीत आहे ते असं. तिथे याला मूनलायटिंग म्हणतात आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला ते पूर्ण बंद आहे. म्हणजे तुम्ही तिथे असता तरी आज उत्तर 'नाही'च आलं असतं. दुसऱ्या वर्षापासून करता येतं, पण प्रोग्राम डायरेक्टरच्या परवानगीने, आणि बाहेरचा प्रत्येक तास आठवड्याच्या ८० तासांत धरला जातो. हे ८० तास चार आठवड्यांची सरासरी काढून मोजतात. बाहेरच्या हॉस्पिटलात काम करायचं तर स्वतःचं पूर्ण लायसन्स आणि विमा लागतो. आणि आपल्याकडून जाणारी बरीच मुलं जे-१ व्हिसावर असतात, त्यांना मूनलायटिंगला मनाईच आहे. आमच्या भाच्याचं तसंच आहे.

हे तास मोजायची सवय त्यांना सहज लागलेली नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी हॉस्पिटलात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. तिच्यावर उपचार करणारे प्रशिक्षणार्थी डॉक्टर किती तास जागे होते, हा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला. त्यातून १९८९ मध्ये त्या राज्यात ८० तासांची मर्यादा आली, २००३ मध्ये ती देशभर लागू झाली, आणि पहिल्या वर्षाला बाहेरचं काम २०११ मध्ये बंद झालं.

आपल्याकडेही कागद आहेत. १९९२ च्या केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि साधारणपणे आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम नको असं आहे. २०२३ च्या नियमावलीत 'वाजवी तास', आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवस रजा आहे. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. पण 'वाजवी' म्हणजे किती हे कुणी मोजत नाही, आणि जेआर-वनचा (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा) आठवडा कसा असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडेही तास मोजायला हवेत, आणि ते मोजल्यावर उरलेल्या वेळात तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला लेखी परवानगीने, स्वतःच्या नावाने, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पगारी ड्युटी करता आली पाहिजे. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडे रात्री डॉक्टर मिळणं किती अवघड असतं हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मार्डने (निवासी डॉक्टरांच्या संघटनेने) स्टायपेंडच्या मागणीसोबत ही मागणीही मांडावी असं मला मनापासून वाटतं. पण आज ती सोय नाही, आणि नसलेल्या सोयीवर तुम्ही स्वतःचा नोंदणी क्रमांक लावू नये.

पैशांचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो मी झटकणार नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. एमबीबीएसच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला असेल तर पीजीचा प्रवेश दाखवून मुदत वाढवून मागता येते. बँकेत तोंडी विचारू नका, तिथे 'बघतो' म्हणतात. बोनाफाइड जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. स्टायपेंड थकला असेल तर एकट्याने लेखा विभागात खेटे घालण्यापेक्षा मार्डच्या प्रतिनिधीकडून एकत्र पत्र द्या. शिकवणी किंवा प्रश्नसंच तयार करण्याचं काम मिळत असेल, तर तेही हमीपत्राच्या कलमात येतं का हे डीन ऑफिसला लेखी विचारूनच घ्या. आणि बहिणीच्या लग्नासाठी घरी एकदा खरा हिशेब सांगा. आपल्याकडे मुलगा डॉक्टर झाला की घरचे धरून चालतात की पैसा सुरू झाला. तुम्ही अजून शिकताय हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

ज्यांची इंटर्नशिप संपली आहे, कायम नोंदणी आली आहे आणि पीजीची जागा मिळायची आहे, त्यांनी हा काळ जरूर वापरावा. आमच्याकडे रात्री बीएएमएस डॉक्टर असतात, आणि अशी एमबीबीएस झालेली मुलं-मुलीही असतात, ज्यांचं नाव, क्रमांक आणि वेळ रजिस्टरला असते आणि पगार खात्यात जातो. चालू रेसिडेंट विचारायला येतात, त्यांना आम्ही चहा पाजतो आणि परीक्षेनंतर या म्हणून परत पाठवतो. आम्हालाही माणूस हवाच असतो. पण शिकणाऱ्या मुलाची झोप रोखीने विकत घेणारा हॉस्पिटलवाला त्याचं भलं करत नसतो, मग तो कितीही मोठा सर असो.

तुम्ही दोन रात्री केल्या आहेत, तर आता एवढं करा. आज त्या सरांना मेसेज करून कळवा की यापुढे येणार नाही. फोनवर नको, लिहून. त्या रात्री ज्या पेशंटना तुम्ही पाहिलं त्यांच्या कागदांवर मागाहून काही लिहायला किंवा सही करायला बोलावलं तर जाऊ नका. त्यांत एखादी एमएलसी असेल, किंवा कुणाची तब्येत नंतर बिघडल्याचं कानावर आलं असेल, तर आधी एखाद्या वकिलाला भेटा आणि मग तुमच्या युनिटच्या ज्या सरांशी किंवा मॅडमशी मोकळं बोलता येतं त्यांना स्वतः जाऊन सांगा. तसं काही नसेल तर पुढची इमर्जन्सी ड्युटी यायच्या आत दोन रात्री नीट झोपून घ्या.