छातीत दुखत नाही हो, आवळतंय

आपत्कालीन वैद्यकीय प्रतिसादकाचं प्रशिक्षण घेणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘हार्ट अटॅक, कार्डियाक अरेस्ट आणि अँजायना या तिन्हींना आमच्या वर्गात सरसकट “ह्रदयविकाराचा झटका” म्हणतात. मराठीत वेगळे शब्द नाहीत का?’

आहेत की. वापरायचा कंटाळा आहे, एवढंच.

‘तीव्र झटक्याने निधन’ वाचून वाचून माझे डोळे दमले. सौम्य झटक्याने निधन झाल्याचं कधी छापून येत नाही, त्यामुळे ‘तीव्र’ तिथे काय करतो देव जाणे. पण माझा राग ‘झटका’ या शब्दावरच आहे. झटकणं, झटपट, झटक्यात या सगळ्या भावंडांत क्षणात होऊन जाण्याचा भाव आहे. हार्ट अटॅक तसा असेलच असं नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने तुंबते आणि पलीकडचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. हे तासन्‌तास चालू शकतं. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो, ‘काही नाही, पित्त झालंय’ म्हणून आपल्यालाच समजावतो. झटका कधी येतो याची वाट बघत बसलेल्या घरच्यांचा मोलाचा वेळ या एका शब्दापायी जातो.

कार्डियाक अरेस्ट ही निराळीच गोष्ट. तिथे रक्त ढकललं जाणंच थांबतं. माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, धड श्वास घेत नाही. हार्ट अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण प्रत्येक हार्ट अटॅक म्हणजे अरेस्ट नव्हे, आणि अरेस्टला इतरही कारणं असतात. याला ‘हृदय बंद पडलं’ म्हणायची पद्धत आहे. तेही पुरतं खरं नाही. पुष्कळदा सुरुवातीला हृदयाचे खालचे कप्पे नुसते वळवळत असतात. हालचाल भरपूर, ठोका एकही नाही. डीफिब्रिलेटर या यंत्राचं काम ही वळवळ क्षणभर थांबवण्याचं, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ताल पुन्हा धरला जाण्याची संधी मिळते. आलेख सपाट झालेल्या हृदयाला शॉक देऊन उठवतात ते पडद्यावर. जुनी माणसं ‘नाडी लागत नाही’ म्हणायची. ‘हृदय बंद पडलं’पेक्षा हे कितीतरी नेमकं आहे, कारण जे हाताला कळलं तेवढंच त्यात सांगितलं आहे.

आता गंमत बघा. आजाराला झटका, यंत्र देतं तोही झटका, आणि अरेस्टच्या पहिल्या क्षणांत हातपाय झटके देतात तेव्हा बघणाऱ्याला वाटतं फिटचा झटका आला. एका खोलीत तीन झटके! यंत्राच्या बाबतीत ‘शॉक’च म्हणा, तो शब्द घरचाच झालाय. अरेस्टला ‘हृदयक्रिया थांबणे’ म्हणा. लांब आहे, पण चुकीचा नाही.

इथेच मराठीचं एक कौतुक करून घेतो. अरेस्टमध्ये काही जण तोंड उघडून थांबून थांबून हवा ओढल्यासारखं करतात, आणि भोवतालचे ओरडतात, ‘श्वास चालू आहे!’ तो श्वास नसतो. आपल्याकडे त्याला सरळ ‘आचके देणे’ म्हणतात. वर्गात ‘असामान्य श्वसन’ शिकवण्यापेक्षा ‘आचके’ शिकवा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहील आणि तो छाती दाबायला लागेल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची असेल तर ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

असो. तुमच्या प्रश्नातला खरा ऐवज आहे अँजायना.

हृदयाच्या स्नायूला गरजेपुरतं रक्त मिळेनासं झालं की जो त्रास होतो, तो अँजायना. श्रमाने येतो, विसाव्याने काही मिनिटांत ओसरतो. ओसरला नाही, तर हार्ट अटॅक समजूनच पुढची हालचाल करायची. पारिभाषिक शब्द पाडणाऱ्यांनी याला ‘हृच्छूल’ किंवा ‘हृद्‌शूल’ केलं, आणि इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. शूल म्हणजे सुळा, टोकदार, आरपार जाणारा. अँजायनाची वेदना बहुधा टोचत नाही. ती दाबते, आवळते.

माझ्या काकांचं सांगतो. पहाटे उठून बसले होते, पाठीला दरदरून घाम, उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध. मी विचारलं, ‘काका, छातीत दुखतंय का?’ म्हणाले, ‘नाही रे, दुखत नाही. गच्च झालंय.’ मी दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. ‘दुखत नाही’ हे शब्द धरून मी पंधरा मिनिटं घालवली, आणि ती मूठ काय सांगत होती ते मला वाचता आलं नाही. छातीवर मूठ धरण्याच्या या खुणेला सॅम्युअल लेव्हाइन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाचं नाव आहे, हे पुष्कळ नंतर कळलं. काका सुदैवाने वाचले. तेव्हापासून मी सांगत सुटलोय की ‘दुखतंय का’ असं विचारू नका, ‘छातीत कसं वाटतंय’ असं विचारा. आवळल्यासारखं, जड, दडपल्यासारखं, गच्च, ही सगळी उत्तरं ‘हो’ या अर्थाचीच आहेत. काहींना तर छातीत काहीच होत नाही. जबडा, हात, पाठ, नाहीतर नुसती धाप. बायकांत, मधुमेह्यांत आणि म्हाताऱ्यांत हे जास्त दिसतं.

तर मूळ शब्द. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली या दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं, १७७२ मध्ये ते छापलं गेलं. त्याने नाव दिलं ‘अँजायना पेक्टोरिस’, आणि कारणही सांगितलं: यात गळा आवळल्यासारखं वाटतं आणि जीव घाबरा होतो. अँजायना हे तोवर घशाच्या दुखण्याचं नाव होतं, म्हणून ‘छातीची’ अशी पुस्ती जोडावी लागली. मागे लॅटिन ‘आंगेरे’ आहे, म्हणजे आवळणे, घुसमटवणे. त्याच मुळाचं जर्मन ‘आंग्स्ट’, इंग्रजी ‘अँग्झायटी’. आणि, कान द्या, त्याच मुळाचा संस्कृत ‘अंहस्’!

अंहु म्हणजे अरुंद. अंहस् म्हणजे कोंडी, जिथे हलायला जागा नाही अशी अवस्था. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात सूक्तांमागून सूक्तांत पालुपद येतं, ‘स नो मुञ्चत्वंहसः’, त्याने आम्हाला अंहसातून सोडवावं. भाष्यकार इथे ‘पाप’ असा अर्थ लावतात, अमरकोशानेही अंहस्‌ची वर्णी पापाच्या यादीत लावून टाकली आहे. मला ते मुळीच पटत नाही. मुच् म्हणजे सोडवणं, आणि सोडवतात गाठीतून, फासातून, पकडीतून. पाप धुतात, फेडतात. ज्याने ही ऋचा रचली त्याला नीतिशास्त्र नव्हे, मोकळा श्वास हवा होता! वेदात अंहस्‌च्या विरुद्ध टोकाला ‘उरु’ असतो, म्हणजे ऐसपैस. आणि छातीला शब्द काय? उरस्, आपला ऊर. या दोघांचं नातं लावायचा मोह मला वीस वर्षं आवरलेला नाही. पुरावा मागू नका, दोन वैयाकरण मित्र त्यावरून माझ्याशी बोलेनासे झाले आहेत.

‘हृच्छूल सुश्रुताने वापरला आहे, तुम्ही कोण?’ हे पत्र येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. वापरला आहे, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्र या भागात. शूल का म्हणायचं तेही त्याने तिथेच सांगितलंय: शंकू, म्हणजे खुंटी, ठोकल्यासारखी तीव्र वेदना. पण हृच्छूलाचं वर्णन करताना विशेषण कोणतं घातलंय? ‘उच्छ्वासारोधक’. श्वास अडवणारा. नाव टोचणारं, वर्णन घुसमटवणारं! म्हातारबुवांनी निरीक्षण बरोबर केलं होतं. आपण नाव तेवढं उचललं आणि निरीक्षण तिथेच सोडून आलो.

मराठीत नवा शब्द पाडायची गरजही नाही. ‘ऊर दडपणे’ कधीपासून आहे. कादंबऱ्यांतून तो भीतीला वापरून वापरून गुळगुळीत झालाय, पण मुळात तो शरीराचाच शब्द आहे. रुग्णाच्या नोंदीत ‘चालताना ऊर दडपतो, बसल्यावर बरं वाटतं’ असं लिहिलं, तर पुढच्या डॉक्टरला ‘हृच्छूल’पेक्षा जास्त कळेल.

हृदयाच्या कप्प्यांना कर्णिका-जवनिका म्हणायचं की अलिंद-निलय, रक्तवाहिनीला रोहिणी की धमनी, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून सोडून देतो. फक्त रोहिणी म्हणजे ‘तांबडी’ हे लक्षात ठेवून हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या फुप्फुसरोहिणीत कधी डोकावू नका, तिच्यातून काळपट रक्त वाहतं.

आणि हो, प्रश्नात तुम्ही ‘ह्रदय’ लिहिलंय. ‘ह्र’ असतो ह्रासात आणि ह्रस्वात. हृदयात ‘हृ’ असतो, ह-ला ऋ.