यादीत नाव आहे, मशीन कुठाय? : वाचकांचे कॉम्प्युटर प्रश्न

प्रश्न (देवगड): आमचं आंब्याचं बिलिंग अजून एका जुन्या प्रोग्रॅमवर चालतं, तो विंडोज एक्सपी सोडून कशावरच चालत नाही, म्हणून भाच्याने लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरं नकली 'मशीन' चालवायचा प्रोग्रॅम) टाकून त्यात एक्सपी बसवून दिलं आणि ते सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवलं. सीझन संपल्यावर डिस्क कपाटात गेली, आता लावली तर मशीनच्या नावाखाली 'इनअ‍ॅक्सेसिबल' येतंय. वर भाच्याने कधी ट्राय केलेल्या मशीनची नावंपण तशीच लोंबकळतायत. सगळं उडवून नव्याने टाकू का? भाचा पुण्याला, फोन उचलत नाही.

उत्तर: थांबा, काहीच उडवू नका. यादीतलं नाव म्हणजे मशीन नाही, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहिलेलं असतं तशी ती नुसती नोंद आहे. खरा माल दोन फाइलींत असतो: डॉट व्हीबॉक्स फाइलमध्ये सेटिंग, आणि डॉट व्हीडीआय फाइलमध्ये तुमचं एक्सपी, बिलं, पार्ट्यांची नावं सगळं. व्हर्च्युअलबॉक्स फक्त पत्ता लक्षात ठेवतं आणि विंडोजवर तो पत्ता ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होतो. गेल्या वर्षी डिस्क 'ई' होती, यंदा आधी पेनड्राइव्ह लावलेला म्हणून 'एफ' झाली, की संपलं, त्याला मशीन सापडत नाही.

त्या नावावर क्लिक करा, उजवीकडे एरर येईल, त्यात पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, आणि बहुतेक उणे 102 नाहीतर उणे 103 असा आकडा दिसेल. पहिल्याचा अर्थ फाइल नाही, दुसऱ्याचा अर्थ तो फोल्डरचा रस्ताच नाही. पाथमधलं पहिलं अक्षर बघा आणि डिस्कला आज कुठलं अक्षर मिळालंय ते बघा. वेगळं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, तिथे ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', आणि जुनं अक्षर परत द्या (ते पेनड्राइव्हने अडवलं असेल तर आधी पेनड्राइव्ह काढा). व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करून उघडा, बऱ्याच वेळा काम इथेच होतं.

फोल्डरच दुसरीकडे हलवला असेल तर मात्र आधी जुनी नोंद काढायची आणि मग मशीन मेनूतल्या 'अ‍ॅड'ने नवीन जागची डॉट व्हीबॉक्स फाइल दाखवायची. उलटं केलंत तर याच यूयूआयडीचं (प्रत्येक मशीनचा आणि डिस्कचा स्वतःचा ओळख नंबर) मशीन आधीच आहे म्हणून ते अडून बसतं. इनअ‍ॅक्सेसिबल नोंद 'रिमूव्ह' केली की फक्त यादीतून जाते, फाइलला हात लागत नाही. चालू, धडधाकट मशीनचं तसं नाही हां, तिथे 'डिलीट ऑल फाइल्स' असापण पर्याय विचारतात, तो दाबलात तर बिलं गेली.

भाच्याच्या जुन्या नावांच्या फाइली खरंच कुठे नसतील तर ती खुशाल काढा. मग व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर (व्हर्च्युअलबॉक्समधली डिस्क फाइलींची यादी) उघडा, तिथे पिवळी खूण असलेल्या डिस्क दिसतील, आधी 'रिलीज', मग 'रिमूव्ह', आणि फाइल ठेवायची की डिलीट असं विचारलं तर 'कीप'.

एकाच जागी जपून. स्नॅपशॉट्स फोल्डरमध्ये महिरपी कंसात लांबलचक नंबर नाव असलेल्या फाइली असतात, त्या कचरा वाटतात म्हणून लोक जागा करायला उडवतात. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं, घेतल्यावर मूळ व्हीडीआय जसाच्या तसा गोठतो आणि पुढची प्रत्येक एन्ट्री त्या विचित्र नावाच्या फाइलमध्ये जाते, म्हणजे ती उडवली तर नंतरचा सगळा सीझन उडाला.

आणि कोणी व्हर्च्युअलबॉक्स डॉट एक्सएमएल (ही यादी जिच्यात असते ती फाइल) डिलीट करा सांगितलं तर ऐकू नका. एका नोंदीसाठी सगळी यादी पुसायचा उद्योग आहे तो. केलाच असेल तर शेजारी त्याच नावाची, शेवटी 'प्रीव्ह' असलेली फाइल असते, ती आधीची कॉपी. बदलताना टास्क मॅनेजरमध्ये व्हीबॉक्सएसव्हीसी (व्हर्च्युअलबॉक्सचा मागे चालणारा भाग) बंद झालंय ना बघा, नाहीतर ते तुमच्या फाइलवर परत लिहितं.

प्रश्न (चिपळूण): 2021 च्या पुरापासून सगळ्याची कॉपी ठेवतो. व्हीडीआय कॉपी करून दुसऱ्या मशीनला लावला तर यूयूआयडी आधीच आहे म्हणतो.

उत्तर: बरोबरच म्हणतो. तो नंबर फाइलच्या आत लिहिलेला असतो, एक्सप्लोररने कॉपी केलीत की नंबरपण कॉपी. नुसता बॅकअप असेल तर लावूच नका, पडू दे. वापरायचीच असेल तर मीडिया मॅनेजरमधल्या 'कॉपी'ने प्रत काढा, ती नवीन नंबर घेऊन येते. कमांडने नंबर बदलता येतो, पण स्नॅपशॉट असलेल्या डिस्कवर तो खेळ करू नका, मूळ डिस्क आणि स्नॅपशॉटची साखळी तुटते.

प्रश्न (मालवण): आमच्याकडे व्हर्च्युअलबॉक्ससारखाच दुसरा प्रोग्रॅम, व्हीएमवेअर आहे. पावसात लाइट गेली, आता मशीन 'इन यूज' दाखवतंय, 'टेक ओनरशिप' दाबूनपण होत नाही.

उत्तर: व्हीएमवेअर बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये व्हीएमवेअर-व्हीएमएक्स चालू नाही ना बघा. मग मशीनच्या फोल्डरात डॉट एलसीके ने संपणारे फोल्डर (मशीन वापरात असल्याचं कुलूप) असतील, तेवढेच दुसरीकडे हलवा आणि परत सुरू करा. मशीन नीट उठली की ते टाकून दिले तरी चालतील. आणि यादीतलं नाव काढायचं तर 'रिमूव्ह', मॅनेज मेनूतलं 'डिलीट फ्रॉम डिस्क' नाही, ते खरोखर डिस्कवरून पुसतं.