कर्नेल सुरू झाला, पुढे सामसूम

प्रश्न : सर, बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डासाठी बिल्डरूट (बोर्डासाठी लिनक्सची इमेज बनवून देणारं साधन) वापरून स्वतःची लिनक्स सिस्टीम बनवतोय. इमेज बिनचूक तयार झाली, कार्डावर लिहिली. जुन्या कार्डातली यूएन्व्ह (बूटच्या सूचनांची) फाइल नीट चालत होती, म्हणून तीच उचलून यात टाकली. आकार घटावा म्हणून कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्याय निवडायच्या मेन्यूत, सिरियलखालचे अनोळखी पर्याय बंद केले. आता सिरियल केबलवर यू-बूटचे (कर्नेल चढवणाऱ्या प्रोग्रामचे) सगळे संदेश येतात, शेवटी ‘स्टार्टिंग कर्नेल’ उमटतं आणि पुढे सामसूम. तीनदा मेक क्लीन (आधीचं बिल्ड पुसणारी आज्ञा) करून पहिल्यापासून बिल्ड केलं. बिल्डरूट सोडून योक्टो या दुसऱ्या साधनाकडे वळू का?
ता. क. बोर्डावरचा एक निळा दिवा मात्र दोनदा लुकलुकतो, थांबतो, परत दोनदा लुकलुकतो.

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ता. क.मध्ये टाकलीत! तो दिवा कर्नेलच लुकलुकवतोय. बीगलबोनच्या चार निळ्या दिव्यांपैकी पहिल्याला डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नेलला सांगणाऱ्या वर्णनात) ‘हार्टबीट’चं काम नेमून दिलेलं असतं. लब-डब, मग विसावा. बोर्डावर लोड वाढला की ठोकेही जलद होतात. तेव्हा कर्नेल चढलाय, त्याला डिव्हाइस ट्री मिळालाय, टायमर चालू आहे. त्याचं बोलणं तेवढं तुमच्यापर्यंत पोचत नाही. तीन बिल्डांचे तास फुकट गेले, हे सांगताना मलाच वाईट वाटतंय.

यू-बूट आणि कर्नेल हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत. यू-बूटला सिरियल पोर्ट दिसतो म्हणून कर्नेललाही दिसेल असं नाही. कर्नेल आपला ड्रायव्हर नव्याने लावतो आणि बूटआर्ग्जमधल्या (यूएन्व्हमधून कर्नेलला मिळणाऱ्या सूचनांमधल्या) ‘कन्सोल’पुढे जे नाव लिहिलंय तिथेच संदेश पाठवतो. या चिपसाठीचा जुना ड्रायव्हर पहिल्या पोर्टला ‘टीटीवायओ ०’ म्हणायचा. त्यातला ओ ओमॅप या चिप-मालिकेचा. नवा, ८२५० या सिरियल चिपांच्या घराण्यातला ड्रायव्हर त्याच पोर्टला ‘टीटीवायएस ०’ म्हणतो. तुमच्या जुन्या यूएन्व्हमध्ये ओ असणार, माझी खात्री आहे. आता गंमत अशी, की हा घोळ होऊ नये म्हणून कर्नेलमध्ये ‘रिप्लेस टीटीवायओ विथ टीटीवायएस’ असा एक पर्याय दिलेला आहे. जुनं नाव दिसलं की तो ते बदलून घेतो. तुम्ही जे ‘अनोळखी’ बंद केलंत त्यात तोही गेला असावा.

तेव्हा कार्ड लॅपटॉपला लावा, यूएन्व्ह उघडा, ओच्या जागी एस करा. वेग ११५२०० तसाच राहू द्या. बूट करा. संदेश धो धो आले पण लॉगिन आलं नाही, तर बिल्डरूटच्या ‘सिस्टीम कॉन्फिगरेशन’मध्ये गेटीसाठी (लॉगिन विचारणाऱ्या प्रोग्रामसाठी) कुठला पोर्ट लिहिलाय तो पाहा, तिथेही ओ चिकटून राहतो.

एकदा चाललं की तोच बदल बिल्डरूटच्या झाडात, तुमच्या बोर्डाच्या फोल्डरमधल्या मूळ फाइलमध्ये करा. कार्डावरची दुरुस्ती पुढची इमेज लिहिताक्षणी पुसली जाते. मी तर याहून पुढे गेलो होतो : आउटपुट फोल्डरमधल्या टार्गेटमध्येच आठवडाभर हाताने फाइली सुधारत बसलो आणि एका संध्याकाळी सवयीने मेक क्लीन मारलं. त्या दिवसापासून माझी प्रत्येक फाइल ओव्हरले फोल्डरमध्ये (त्यातल्या फाइली दर बिल्डला आपोआप इमेजमध्ये जातात) असते.

राहिलं योक्टो. एक बोर्ड, एक माणूस, एक काम असेल तर बिल्डरूटच बरं. योक्टोचे लेयर आणि रेसिपी (बिल्डच्या सूचनांचे थर आणि फाइली) चार-पाच बोर्ड आणि बरीच माणसं सांभाळायची असतात तेव्हा खरे उपयोगी पडतात. शिवाय तिथेही कर्नेल हाच, कन्सोलची ओळही हीच. चुकीचा ओ तुमच्याबरोबर तिकडेही आला असता.

दिवा विझलेला असता, तर मात्र मी आधी यू-बूट कुठली डीटीबी (डिव्हाइस ट्रीची तयार फाइल) उचलतोय ते तपासायला सांगितलं असतं.

प्रश्न : माझ्या बोर्डावर संदेश येतात, पण शेवटी रूट फाइलसिस्टीम (सिस्टीमच्या सगळ्या फाइली असलेलं पार्टिशन) माउंट होत नाही म्हणून कर्नेल पॅनिक होतो, म्हणजे हात टेकून थांबतो. ‘अननोन ब्लॉक’पुढे कंसात कधी ०,० येतं, कधी १७९,२. यात फरक काय?

उत्तर : खूपच! ०,० म्हणजे ‘रूट’पुढे दिलेलं डिव्हाइस कर्नेलला सापडलंच नाही. नाव चुकलंय, एमएमसीचा (मेमरी कार्डाचा) ड्रायव्हर आत नाही, किंवा कार्ड जागं व्हायच्या आतच कर्नेल शोधायला गेला. तुमच्याकडे ‘कधी’ येतं म्हणताय, म्हणजे तिसरं कारण. बूटआर्ग्जमध्ये ‘रूटवेट’ (कार्ड जागं होईपर्यंत थांब, अशी सूचना) जोडा. १७९ हा एमएमसीचा मेजर नंबर (डिव्हाइसचा प्रकार सांगणारा आकडा), २ म्हणजे दुसरं पार्टिशन. इथे कार्ड सापडलंय, पण त्यावरची फाइलसिस्टीम कर्नेलला वाचता येत नाही. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टीम कर्नेलच्या आत न बांधता मॉड्यूल (वेगळी फाइल) म्हणून ठेवलीय का बघा. ते मॉड्यूल ज्या पार्टिशनवर आहे, तेच उघडायला ते लागतं.